गॉन्गूझलर, मूळ अज्ञात

भुसावळच्या फलाटावर आईने खिडकीतून दशम्यांचं फडकं आत दिलं आणि अप्पांनी शब्द दिला. गाडी हलली तशी आई रडायला लागली, आणि अप्पा खिडकीचा गज धरून, वर्गात उभे असल्यासारखे म्हणाले, "पेरेग्रिनेशन. म्हणजे दूरची भटकंती. मूळ लॅटिन, शेताच्या पलीकडे जाणं. आपल्या शेताची हद्द ओलांडली की माणूस परका. पोचलास की वाक्यात उपयोग करून पाठव."

मी लगेच नाकावरचा नसलेला चष्मा सावरला आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आणि स्पेलिंग पाच वेळा लिहून पाठव!" आई रडता रडता हसली. अप्पा नाही हसले. मला वाटलं, जिंकलो आपण.

अप्पा जामनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. लोकांकडे जेवताना पिकापाण्याचं चालायचं, आमच्याकडे शब्दांचं. "डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणं. फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी. भरीत वाढ." कोणाच्या उपयोगाचे नाहीत असे शब्द त्यांना भारी आवडायचे. मूळ सापडल्याशिवाय मात्र शब्द फळ्यावर जायचा नाही. "अर्थ कोणीही सांगेल, कुठून आला ते विचार," हे त्यांचं पालुपद. त्याची नक्कल करून मी मधल्या सुट्टीत किती वडे खाल्लेत, सांगत नाही.

बनारसला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागलो. दुर्गाघाटावर एका मराठी घरात खोली मिळाली. घरमालकीण काकू. त्यांच्या घराला इथे येऊन सात पिढ्या झाल्या, तरी महाराष्ट्राला अजून 'देश' म्हणतात. "नंदू, तुझी चिट्ठी आली आहे. पहिले चाय पिऊन घे, किती थकून आला आहेस!" आधी मी त्यांचीही नक्कल करायचो. मग एक दिवस माझ्याच तोंडून सरळ "काकू, पानी गरम आहे का?" निघालं, आणि ती नक्कल नव्हती.

चिठ्ठी अप्पांचीच असायची. शेवटच्या ओळीत शब्द, अर्थ, मूळ. मी उत्तरात वाक्य पाठवायचं. सुरुवातीला पाठवलीही. पण दिवसभर गोणपाटावरची नावं वाचायची, त्यात ऑफिसातले मिश्राजी म्हणणार, "अरे मराठा, जरा बड़े बाबू की आवाज़ निकालो." काढायचा आवाज. संध्याकाळी स्वतःचा शिल्लक राहायचा नाही.

आणि मग गॉन्गूझलर आला. काठावर बसून नुसत्या नावा बघत राहणारा रिकामटेकडा माणूस. अप्पांनी लिहिलं होतं, "मोठ्या कोशातही मूळ अज्ञात दिलं आहे. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतो. शेवटचा तास याच शब्दावर घ्यावा म्हणतो. तुझ्याकडे युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे. शोधून कळव."

लायब्ररी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन रविवार मी झोपून काढले. चौथ्या रविवारी राजाघाटाच्या पायरीवर, नावा बघत, उत्तर लिहिलं. इंग्लंडात एक नावाडी होता. कालव्यात त्याचा पाय चिरडला. पुढे जन्मभर तो काठावर बसून दुसऱ्यांच्या नावा बघत राहिला. त्याच्या आडनावावरून हा शब्द. खाली ग्रंथाचं नाव ठोकलं, पान दोनशे चौदा. नक्कलच ती, विद्वानांची.

अप्पांचं उलट टपाली पत्र. "नावाड्याची गोष्ट वाचून डोळे भरले. शेवटच्या तासाला माजी विद्यार्थी येणार, जळगावचे दोन प्राध्यापकही. हीच सांगतो. तू शोधलंस हेही सांगतो."

ते पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस हिंडलो. मग दशाश्वमेधच्या एस्टीडी बूथमधून शाळेत फोन लावला. हेडमास्तरांनी अप्पांना बोलावलं.

"अप्पा, तो नावाडी नव्हताच. मी बनवला."

"आणि ग्रंथ?"

"तोही."

"पान दोनशे चौदा?"

"तेही, अप्पा."

एरवी अशा वेळी माझ्याकडे एखादा आवाज तयार असतो. त्या दिवशी एकही निघाला नाही. अप्पा म्हणाले, "बरं. जेवतोस ना वेळेवर?" आणि फोन ठेवला.

तासाचं आईने कळवलं. अप्पांनी फळ्यावर शब्द लिहिला, पुढे लिहिलं 'मूळ अज्ञात', आणि म्हणाले, "मुलाला विचारलं होतं. त्याला सवड झाली नाही." तिने पुढे लिहिलं होतं, घरी आल्यावर बराच वेळ हातावरचा खडू धूत बसले होते.

त्यानंतरची तीन पत्रं बिनशब्दाची. पाऊस बरा आहे, मावशीचे गुडघे दुखतात, आशीर्वाद. घर सोडून गेलेल्यांनो, तुम्हाला माहीत असेल, रागावलेलं पत्र परवडतं. हे नाही परवडत.

मग गेलो लायब्ररीत. सलग चार रविवार. विद्यार्थी नाही म्हणून पुस्तक घरी मिळेना, तिथेच बसून लिहून घेतलं. इंग्लंडातल्या एका परगण्याच्या बोलीत टक लावून बघण्याला दोन शब्द होते, त्यांची जोड असावी. 'असावी' असंच छापलं होतं. मीही 'असावी'च लिहिलं. पान नंबर तीनदा तपासला.

उत्तर आलं ते माझंच पत्र. अप्पांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं. स्पेलिंगच्या दोन चुका गोल केलेल्या. खाली, दहापैकी सात, तीन गुण उशिरा सादर केल्याबद्दल वजा. त्याखाली एक नवा शब्द, अर्थ, आणि पुढे, "मूळ शोधून कळव."

काकूंनी चहा पुढे ठेवत विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

ओसरीवर उकडत होतं, डोळे मिटत होते, आणि उद्या सकाळी परत गोणपाटं होतीच. मी म्हटलं, "हो काकू. नापास नाही केलं."