गोळी आपल्याच माणसाची

“याला फूट ड्रॉप म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. सीमेवर ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मांडीतून गोळी गेली आणि सायटिक नर्व्ह, कमरेतून पायात उतरणारी मोठी नस, दुखावली. मी विचारलं, “शत्रूची गोळी?” खाटेवरून हे म्हणाले, “न्हाय. पहाऱ्यावरच्या आपल्याच पोराची.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला आपला माणूस ओळखता येत नाही, त्याच्या हातात बंदूक दिली कुणी?

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. नसेला विजेचे बारीक झटके देऊन ती कुठवर जागी आहे ते बघतात. मी बाहेर बाकावर बसून त्या पोराला मनातल्या मनात लई शिव्या घातल्या.

चौकशीचे साहेब जबाब घ्यायला येणार, त्या सकाळी ह्यांनी मला सगळं सांगितलं. पहाटे दाट धुकं होतं, थंडी मी म्हणत होती. सासूबाईंनी दिलेली घोंगडी वर्दीवर घेऊन, आपण शेतात घेतो तशी खोळ डोक्यावर ओढून हे चौकीबाहेर गेले. परतताना पहाऱ्यावरून दोनदा हाक आली. खोळीत ती ह्यांना ऐकूच आली नाही.

“घोंगडीचं बोलू नका,” मी म्हटलं. “आई जिवाला लावून घेतील.”

“आन् त्या पोराचा जन्म वाया घालू व्हय?”

ह्यांनी जबाबात काहीच लपवलं नाही. मग दोष कुणाचा? पोराचा, ह्यांचा, की घोंगडी चालवून घेणाऱ्या चौकीवरच्या साहेबाचा? धुक्याला तर शिक्षा करता येत नाही. माझं अजून ठरलेलं नाही.

आता उमरग्याला फिजिओथेरपी, म्हणजे पायाचे व्यायाम, चालू आहेत. स्प्लिंट, पाऊल सरळ धरणारा पट्टा, बांधून हे अंगणात फिरतात. तुमच्या घरी अशी वेळ आली तर व्यायाम चुकवू नका. नस फार सावकाश भरून येते, आणि रागानं तर ती मुळीच भरत नाही. हे मला उशिरा कळलं.

सासूबाईंना घोंगडीचं ह्यांनीच सांगितलं. त्यांनी घरातल्या सगळ्या घोंगड्या माळ्यावर टाकल्या. मग एकदा त्या पोराचा फोन आला, तो त्यांनीच उचलला. पोरगा सांगलीकडचा. “आई, मी दोनदा आवाज दिला होता,” एवढंच म्हणून रडत राहिला.

“रडू नगंस लेकरा,” सासूबाई म्हणाल्या. “ह्याला जेवायलाबी चार हाका माराव्या लागत्यात.” आणि फोन ह्यांच्या हातात दिला. “घे. आता तरी ओ दे त्याला.”