घट्टे शोधणारा हातमोजेवाला

वर्ध्यात औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर पुंडलिकरावांचं दुकान आहे. दारात हातमोजे टांगलेले असतात, बोटं खाली सोडून. वारा सुटला की सगळे मिळून रस्त्याला नको-नको म्हणत हलतात. आत शिरून नुसतं "हातमोजे द्या" म्हटल्यानं भागत नाही. पुंडलिकराव आधी गिऱ्हाइकाचा हात हातात घेतात, उलटासुलटा करतात, घट्टे चाचपतात आणि विचारतात, "काय करते हा दिवसभर?"

वेल्डिंगवाल्याला लांब मनगटाचा चामडी मोजा. तोच कोणी बॅटरीच्या तेजाबासाठी मागितला, तर "चामडं तेजाब पिते, मंग तुले पाजते," असं म्हणून ते जाड रबरी जोड पुढे सरकवतात. सावंगीच्या प्रयोगशाळेतल्या पोरी पातळ निळे मोजे नेतात. ते घालून गरम भांडं उचलायचं नाही, अशी तंबी सोबत फुकट. भेंडी तोडून हात खाजवत येणाऱ्या बायांना तळव्याला रबर लावलेले सुती. ड्रिल मशीनवाल्याला मात्र सरळ परत पाठवतात. "फिरत्या मशीनपाशी मोजा घातला त मोजाबी जाते आन् हातबी." असं गिऱ्हाईक घालवलं की त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जातात.

ही हात पाहण्याची खोड दुकानापुरती राहिली नाही. लग्नात, बारशात, मयतीलासुद्धा ते भेटेल त्याचा तळवा चाचपत. ओळखीचे लोक त्यांना लांबूनच रामराम करू लागले.

मागच्या रविवारी त्यांच्या काजलला पाहायला नाचणगावचं स्थळ आलं. मुलगा आदेश, कारखान्यात लोखंड तेजाबात धुतात त्या टाक्यांवर कामाला. सोबत त्याचे मामा वासुदेवराव. "करीन त याच्याशीच," असं काजलनं आईला सकाळीच सांगून टाकलं होतं. बापाला सांगायची हिंमत दोघींतही नव्हती.

पुंडलिकरावांनी दारातच आदेशचा हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. ना घट्टा, ना डाग. हात कसला, नुकतं सोललेलं केळं. पाणी आणायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात घुसले.

"पोट्टा खोटं बोलून राह्यला," ते बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, म्हणाले. "टाकीवरच्या माणसाचा हात असा रायते का? घरी बसून मोबाइल घासत असन. मी नाई म्हणून सांगतो."

काजल पोह्यांवर चिरलेली कोथिंबीर टाकत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बाबा, तुमी मोजे कायले इकता?"

"हात वाचाव म्हणून."

"मंग त्याचे वाचले त तुमाले काऊन वाईट वाटून राह्यलं?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंडलिकराव पाणी न घेताच बाहेर आले आणि आदेशसमोर बसले.

"मोजे कोठचे वापरता?"

"टाकीवर कारखान्याचेच," आदेश म्हणाला. "पण तुमच्या दुकानातबी येतो मी."

"मी त तुमाले कधी पाह्यलं नाई."

"दुपारी येतो. तुमी झोपेत असता तवा."

वासुदेवरावांना राहवलं नाही. "कारखाना फुकट देते, तरी हा इकत आणते. मंग बसत नाई म्हणून बदलाले पळते. पुन्हा आणते, पुन्हा पळते. आमाले वाटलं, याचा हातच मोठा-लहान होते का काय."

पुंडलिकरावांनी आदेशचा तळवा पुन्हा ओढून घेतला, वितीनं मापला.

"याले नऊ नंबर लागते. काजल, दुपारी दुकानात तूच बसते ना, कोणता देला?"

काजल पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. "आठ."

"आन् बदलाले आला तवा?"

"दहा."

"मंग?"

"मंग पुन्हा आठ."

"तुले नऊ दिसला नाई का कुठं?"

"दिसला ना. गठ्ठाच ठेवला हाय मागं."

आदेश पायाच्या अंगठ्यानं फरशीची रेघ गिरवत होता. पोरीनं आपल्याला न विचारता नवरा शोधला, हे पुंडलिकरावांना एकवेळ गिळता आलं असतं. आपल्या दुकानातून एक माणूस चुकीच्या नंबराचा मोजा घेऊन जातो, येतो, पुन्हा जातो, हे मात्र घशात अडकलं.

"मामा," ते शेवटी म्हणाले, "जमलं म्हणून समजा. हे पोरगी आणखी तिथं बसली त माह्या दुकानाचं नाव घालवते."

काजलनं बशी आदेशच्या हातात दिली. "आता याले नऊ देऊ का, बाबा?"

"लगन होईस्तोर तू कोणाले काई देऊ नको. दुपारी मी बसतो."