अधिकात जावयाला नाही म्हटलं

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, धोंडे करतात, आणि तो मागेल त्याला नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं. लेक अजून नीट बोलत नाही.

चाकणला आमचा बायकांचा गट कारळ्याची चटणी करतो. दुबईचा एक दुकानदार, मूळचा इकडचाच, ती थोडी थोडी मागवतो आणि पैसे बिटकॉइनमध्ये धाडतो. ही सोय जावयानंच लावून दिली. तो तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पण दर व्यवहार बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर, म्हणजे जगाच्या सामाईक वहीत, चढवायचा तर कधीकधी फी चटणीहून महाग. मग त्यानंच तोड काढली. दुकानदाराचे थोडे कॉइन दोघांच्या कुलपात ठेवायचे, रोजची देवाणघेवाण फोनवर आपसांत, आणि शेवटी राहील तो आकडा तेवढा मुख्य साखळीवर. किल्ल्या दोन, एक दुकानदाराची, एक आमची. त्याबद्दल मी जावयाला आजही चांगलंच म्हणते.

यंदा धोंडे खाताखाता तो म्हणाला, "आई, गटाचे साठलेले सगळे कॉइन बाजूच्या साखळीवर टाका, म्हणजे आमची कंपनी चालवते त्या वेगळ्या वहीवर. मूळ कॉइन कुलपात राहतात, तेवढेच इकडे वापरायला मिळतात. काम झटपट, फी नावाला. हवे तेव्हा परत."

"कुलूप कोण उघडतं, जावईबापू?"

"पाच जणांकडे किल्ल्या आहेत. तिघं मिळाले तरच उघडतं."

"पाच जण कुठले?"

तो पाणी प्यायला. "आमच्याच ऑफिसातले."

"सगळ्यांना पगार एकच मालक देतो?"

"हो."

"मग नाही."

लेक वाढता वाढता थांबली. "आई, अधिकात असं तोंडावर म्हणतात का?"

"माझ्या पदरचं मागू दे त्यांना. चांदीची वाटी घेतलीय, अंगठीही देते. गटाचं माझं नाही."

जावई हसला. "चौथी शिकलेल्या बाईला समजावणं अवघड आहे."

"छान समजावलंत. समजलं म्हणूनच नाही म्हणते."

तो अर्ध्या ताटावरून उठला. वाटी इथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गटात सगळं सांगितलं, कमी फीचंसुद्धा. दोघी भडकल्या. एक म्हणाली, "जावई तुमचा, पण कॉइन आमचे. आम्हाला न विचारता नाही कसं म्हणालात?"

तिचं बरोबर होतं, पण मी माघार घेतली नाही. आमची किल्ली म्हणजे नुसते काही शब्द; त्यांचा कागद असलेली डबी चटणीच्या परातीशेजारी ठेवली. म्हटलं, "जिला बाजूच्या साखळीवर जायचंय, तिनं ही उचलावी आणि आपल्या हातानं त्या पाच जणांच्या हवाली करावी. मी अडवणार नाही."

कुणी उचलली नाही. भडकलेलीच म्हणाली, "ठेवा आत, तेल लागेल."

पुढचा अधिक तीन वर्षांनी येईल. धोंडे करीन, वाटी घासून ठेवीन. उत्तर हेच देईन.