बाजाराच्या दिवशी अडकलेला सर्व्हर

जनावरांच्या एका बाजारात गेटवर ऑनलाइन पास निघतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, तो खरा ठरला की पास. तो पास देणारा सर्व्हर मी सावेडीतल्या घरी बसून सांभाळायचे. माझं काम नातेवाइकांत कुणाला कळत नसे. मामाला मात्र त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याचाच फोन आला.

"पोरी, तुझं मशीन चालंना. पास निघत न्हाई. गाय टेम्पोत उभी हाय, लई ऊन हाय."

मामाचे गुडघे गेले होते. धार काढायला बसवत नव्हतं, म्हणून गाभण गाय विकायला आणली होती.

"दहा मिनिटं थांब मामा, बघतेच."

मी सर्व्हरमधल्या चालू थ्रेडची यादी काढली. थ्रेड म्हणजे आतले कामाचे हात. एकेक पास एकेका हातात. दोनशेच्या दोनशे अडकले होते. एकाची वाट बाकीचे सगळे बघत होते, आणि तो एक बिल्ले तपासणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबला होता. ते उत्तर येणारच नव्हतं. किती वेळ थांबायचं, ही मर्यादा कोडमध्ये कुणी घातलीच नव्हती. फाईल उघडली. कोड माझाच होता. नंतर घालू म्हणून ती एक ओळ राहून गेली होती.

सर्व्हर बंद करून चालू केला असता तर सुटलं असतं. पण त्याला पुण्याच्या साहेबांची परवानगी लागायची, आणि ते फोन उचलेनात. मी मेसेजवर मेसेज केले. मधेमधे यादी पुन्हा काढत होते. एखादा तरी सुटला असेल असं दर वेळी वाटायचं. एकही सुटलेला नसायचा.

मामाचा पुन्हा फोन आला. "गाय धापा टाकती गं."

"खाली उतरव ना तिला."

"हितं रांगंत कुठं उतरवू? मागं-फुडं टेम्पोच हायेत."

दोन वाजता साहेबांचं उत्तर आलं. "करा." चार मिनिटांत पास निघू लागले, पण तोवर व्यापारी पांगले होते. मामानं टेम्पो माघारी वळवला. वाटेत गाय टेम्पोतच पडली आणि दुसऱ्या दिवशी गाभडली, वासरू गेलं.

मी भेटायला गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. मामा गोठ्यात बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तुझा काय दोष त्यात? मशीनच ते." मामीनं दिलेला चहा प्यायले आणि परत आले.

ती ओळ मी त्याच आठवड्यात घातली. टाइप करायला मिनिटही लागलं नाही. साहेबांनी कौतुकाची मेल पाठवली.

गाय पुन्हा काही गाभण राहिली नाही. त्यानंतरही दोनदा मी सांगायला म्हणून गेले आणि न सांगताच आले. आता सांगून कुणाचं काय भलं होणार, तेही मला कळत नाही.