हरिणस्वारांचे मुलाणी सर

मुलाणी सरांचा सैनिक मेला की ते त्याला दोन बोटांत अलगद उचलत, त्याच्या पायाखालची धूळ फुंकरीनं उडवत आणि म्हणत, "चल बाबा, बस सावलीला. लई केलंस." मग त्याला टेबलाच्या कडेला, आपल्या पांढऱ्या टोपीच्या आडोशाला नेऊन ठेवत. समोरचा खेळाडू ज्याला मारून खूश झालेला असे, त्याचीच त्याला दया येई. मी पहिल्यांदा त्यांच्याशी खेळले तेव्हा त्यांची जवळजवळ सगळी फौज टोपीमागे गेली. मी जिंकले, आणि बघायला जमलेली सगळी माणसं त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

आमचा खेळ काय आहे ते आधी सांगायला हवं. करंगळीएवढ्या बाहुल्यांच्या दोन फौजा मोठ्या टेबलावर समोरासमोर मांडतात. त्यात बुटके असतात, राक्षस असतात, यक्ष असतात, पंखवाले सर्पही असतात. टेप लावून चाल मोजायची, फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. प्रत्येक बाहुलीला गुण ठरलेले असतात आणि ठरलेल्या बेरजेत बसेल एवढीच फौज आणता येते. कोणती फौज आणणार हे आधी लिहून द्यायचं, त्याला आम्ही यादी म्हणतो. खेळ काढणारी परदेशातली कंपनी दर काही महिन्यांनी नियमांत बदल जाहीर करते. अमक्याचे गुण वाढले, तमक्याची ताकद घटली. काल जिंकून देणारी फौज आज कपाटात जाते.

मी बारामतीच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. कायद्यातल्या दुरुस्त्या वाचायची सवय असल्यामुळे हे बदल मला कधी जड गेले नाहीत. पुण्यात शिकत असताना मी हा खेळ शिकले आणि बारामतीत तो मीच आणला. भिगवण रस्त्यावर माझ्या चुलतभावाचं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी टेबलं मी लावली. नवीन माणसांना नियम मी शिकवले, वाद झाले की निवाडा मी दिला. इंदापूर, दौंड, फलटणपासून मुलं यायला लागली ती माझ्यामुळे. हे सगळं एवढ्यासाठी सांगते आहे की, नंतर जे झालं ते मला का झोंबलं हे कळावं.

सर आले ते समीरबरोबर. समीरचं इंदापुरात झेरॉक्स आणि छपाईचं दुकान. त्यानं थ्रीडी प्रिंटर घेतला आणि आमच्यासाठी बाहुल्या छापायला लागला. त्या रंगवायच्या कुणी, म्हणून त्याला आपले शाळेतले चित्रकलेचे सर आठवले. सर तेव्हा निवृत्त होऊन शेळगावात राहत होते. बाहुल्या रंगवता रंगवता त्यांनी विचारलं, "ह्या निस्त्या रंगवायच्या, का ह्यास्नी कुठं कामाला बी लावता?" पुढच्या रविवारी ते हॉलमध्ये हजर.

त्यांनी यक्षांची फौज घेतली आणि त्यातही हरिणस्वार. आमच्यात कुणी हरिणस्वार घेत नसे. दिसायला देखणे, पण एक घाव बसला की खलास. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "वकीलबाई, जिंकणारं जनावर सगळेच पाळत्यात. मला हे आवडलं." पुढं ते सुप्याच्या अभयारण्यात जाऊन बसले, चिंकारा बघत. परत येऊन त्यांनी त्या हरणांना जो रंग दिला, पोटाखालचा पांढरा आणि पाठीवरचा वाळक्या गवतासारखा, तो बघायला सगळा हॉल त्यांच्या टेबलाभोवती जमला. माझा पंखवाला सर्प मी पुण्यातल्या माणसाकडून रंगवून घेतला होता. त्या दिवशी त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

सर फार हरत. टेप वाकडी धरत, एखादा हल्ला करायचाच विसरत. पण हरताना ते इतके रंगात येत की, समोरच्याला आपण फार मोठं काही केलंय असं वाटे. एका नवख्या मुलीनं त्यांचा सरदार पाडला तेव्हा ते खुर्चीवरून उठून म्हणाले, "व्हय गं व्हय! अशी चाल मला चार जन्मांत सुचली नसती." मला स्वतःला ती चाल साधी वाटली होती. ती मुलगी मात्र पुढच्या रविवारी आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. कुणाबरोबर खेळायचं हे आम्ही ग्रुपवर ठरवत असू. रविवारच्या आधीच सरांच्या नावापुढे तिघाचौघांची नावं लागलेली असत. माझ्या नावापुढे कुणी उरलं तर माझा नवरा, प्रसाद.

दिवाळीनंतर आम्ही स्पर्धा घेतो. त्या वर्षी स्पर्धेच्या आठवड्यातच कंपनीचे नवे बदल आले आणि हरिणस्वारांचे गुण वाढले. का वाढले ते देव जाणे. बारामती-इंदापुरात तर ते कुणाला मारताना दिसले नव्हते. सरांनी जुन्याच हिशोबानं यादी दिली होती. स्पर्धेच्या सकाळी मी ती तपासली. बेरीज मर्यादेच्या वर जात होती.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, तुमची यादी बसत नाही. नवे नियम लागू झालेत."

समीर म्हणाला, "मॅडम, चार दिवसांपूर्वीचे बदल आहेत. सरांपुरतं जाऊ द्या ना."

"मग माझ्यापुरतंही जाऊ द्यायचं का?" मी विचारलं.

सर्वांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी म्हाताऱ्या माणसाला बसमधून उतरवलंय. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तेच म्हणते. खुद्द सरांनीच समीरला गप्प केलं. "वकीलबाई बराबर बोलत्यात. नेम म्हंजे नेम. तू शाळेत हुतास तवा उशिरा आल्यावर तुला वर्गात घेत हुतो का मी?" त्यांनी दोन हरिणस्वार उचलून डब्यात ठेवले आणि झाकण लावता लावता त्यांना म्हणाले, "हितनंच बघा आता."

आमच्याकडे हरणाराही सगळ्या फेऱ्या खेळतो आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात; संध्याकाळी शेवटच्या फेरीत सर आणि मी समोरासमोर आलो. मी त्यांना सरळ हरवलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, हसले आणि म्हणाले, "वकीलबाईंचं म्हंजे काम चोख." चषक मला मिळाला. टाळ्या वाजल्या, जेवढ्या वाजवायला हव्यात तेवढ्या. मग 'आवडता प्रतिस्पर्धी' हे बक्षीस जाहीर झालं. ते खेळाडूंच्या मतांवर मिळतं, आणि हॉलमध्ये एकच गलका उठला. सरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं.

परतताना गाडीत मी प्रसादला विचारलं, "तू कुणाला मत दिलंस?"

"मत गुप्त असतं," तो म्हणाला.

"प्रसाद."

"अगं, तू चषक घेऊन बसलीयेस मांडीवर. अजून काय हवं?"

अजून काय हवं होतं ते मला नेमकं ठाऊक होतं, पण ते नवऱ्याकडे मागायची गोष्ट नव्हती.

मग मी ठरवलं की सर काय करतात ते शिकून घ्यायचं. वकिलाला समोरच्याची पद्धत उचलता आली पाहिजे. एका रविवारी मुद्दाम त्यांच्याशी खेळ लावला. त्यांनी चाल केली आणि चूक लक्षात येऊन जीभ चावली. मी म्हणाले, "राहू द्या सर, परत घ्या." थोड्या वेळानं त्यांचा फासा टेबलाखाली गेला, तेव्हा मी म्हणाले, "पुन्हा टाका, काही हरकत नाही." त्यांचा एक स्वार पडला तेव्हा मी हळहळून "अरेरे, किती छान लढला," असंही म्हणाले. ते माझ्या तोंडून इतकं विचित्र ऐकू आलं की शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी माना वर केल्या.

सरांनी टेप खाली ठेवली. पहिल्यांदाच मी त्यांच्या कपाळाला आठी पाहिली.

"आज तुमी असं का खेळायलाय?"

"असं म्हणजे?"

"ढील देताय. बाकीच्यांनी दिली तर मी घीन, मला काय न्हाय त्याचं. तुमी देऊ नका. तुमी मापात चूक काढा, नेम दाखवा, भांडा. न्हायतर मी जातो घरला."

मग मी माझ्या पद्धतीनं खेळले आणि त्यांना हरवलं. त्यांनी नेहमीसारखे हात धरले, हसले. मला वाटलं, घ्या, या माणसाला सगळ्यांशी गोड खेळायचंय आणि माझ्याकडून मात्र कडूच हवंय. आपल्यासाठी ठेवलेली जागा कोणती ते त्या दिवशी मला कळलं, असं मी समजले.

पुढच्या वर्षी कंपनीनं हरिणस्वार खेळातूनच काढून टाकले. फौजांची नवी पुस्तकं आली आणि त्यात त्यांचं पानच नव्हतं. ग्रुपवर नुसता शोक. सरांना फोन मीच केला, कारण असल्या गोष्टी स्पष्ट सांगायचं काम शेवटी माझ्याकडेच येतं.

"काढलं म्हंजे? मारलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. आता ते खेळात नाहीत, एवढंच. तुम्ही बाकीचे यक्ष आणू शकता."

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग सर म्हणाले, "बरं. त्यास्नी सांगतो."

फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की आमच्या हॉलपुरतं हरिणस्वारांचं जुनं पान चालेल, आणि मी ते निवाडा म्हणून लिहिते आहे, यावर चर्चा नको. निवाडे देण्याच्या माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी कुणाला दिलेली ही एकमेव सवलत. खाली अभिनंदनांचा पाऊस पडला. सगळी अभिनंदनं सरांना.

ते गेले उन्हाळ्यात. सकाळी अंगणात झाडांना पाणी घालताना छातीत कळ आली, इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. दफनाला पुरुष मंडळी गेली. मी दोन दिवसांनी प्रसादबरोबर शेळगावला गेले. अंगणात सतरंजीवर आमच्या हॉलमधलीच बरीचशी माणसं बसली होती. समीर रडून रडून बसलेल्या आवाजात सांगत होता, सर म्हणायचे, समीर, तुझ्याशी खेळताना जी मजा येते ती कुणाशी नाही. फलटणचा मुलगा म्हणाला, मलाही असंच म्हणाले होते. त्या नवख्या मुलीलाही म्हणाले होते. प्रसाद हळूच म्हणाला, "मलापण." सगळे रडता रडता हसले. मी हसले नाही. मी आठवून पाहत होते. इतके रविवार, इतके डाव, आणि मला ते एकदाही तसं म्हणाले नव्हते. माणूस मातीत गेला होता आणि मी त्या सतरंजीवर बसून प्रत्येकाचा हेवा करत होते, माझ्या नवऱ्याचासुद्धा.

मग मी आत गेले. सरांच्या पत्नी, ताहेराभाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या बायकांनी मला जागा करून दिली. मी माझं नाव सांगितलं.

"वकीलबाई?" त्यांनी डोळे वर केले. "व्हय, तुमीच का. मला तुमाला बघायचंच हुतं."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर फार हौसेनं खेळायचे."

"बाकीच्यांसंगं हौसेनं," भाभी म्हणाल्या. "हरून यायचे तरी गाणं म्हणत यायचे. मी म्हणायची, म्हातारपणी लाज न्हाय वाटत का? पण तुमच्यासंगं खेळ ठरला की घरात बोलायची सोय न्हाय. सकाळची नमाज झाली की चटईवर त्या बाहुल्या मांडून बसायचे. मला बोलवायचे. वकीलबाई हितनं आली तर काय करायचं, तितनं आली तर? आता मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायची, तुमी रस्ता सोडून द्या तिला. तर मलाच रागवायचे."

बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. भाभींनी पदरानं नाक पुसलं.

"आन तुमच्याकडनं हरून आले की जेवायचे न्हाईत. ताट तसंच. परवाच्या आदल्या रात्री बी म्हणत हुते, एकदा तिला हरवतो, मग पुरं."

माझ्यासमोर ते दर वेळी हसले होते. दोन्ही हातांनी माझा हात धरून, दर वेळी. त्या हसण्याला मी इतकी वर्षं सगळ्यांना मिळतं तेच हसू समजत होते, फक्त जरा कमी प्रतीचं.

मी बराच वेळ भाभींजवळ बसले. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उसाला पाणी चाललं होतं आणि कारखान्याचे रिकामे ट्रॅक्टर पुढं संथ जात होते. प्रसादला गाडी पुढं काढता येईना. तो म्हणाला, "बाहेर सगळ्यांनी सरांच्या आठवणी सांगितल्या. किती प्रेम होतं त्यांचं प्रत्येकावर." मग त्यानं विचारलं, "तू आत बराच वेळ होतीस. भाभी काय म्हणाल्या?"

सांगितलं असतं तर तो समीरला सांगणार, समीर ग्रुपवर लिहिणार, आणि रविवारपर्यंत ते सगळ्या हॉलचं झालं असतं. सरांचं बाकी सगळं त्यांच्याकडे होतंच.

"काही नाही," मी म्हणाले आणि काच वर केली.