डाग नसलेलं पुस्तक

सहावीत शाळा सोडून मी पिंपळनेरहून रावेरला केळी भरायला आलो आणि इथंच राहिलो. मुलगी तिसरीत गेली तेव्हा मला एकच धास्ती होती, की माझ्यासारखं तिलाही पुस्तकाचं वावडं होईल. म्हणून वाचनालयात नाव घातलं. पण निवड मला केळीचीच ठाऊक. डाग पाहिले, कडा पाहिल्या, हातात वजन घेतलं आणि सगळ्यांत कोरं करकरीत, जाडजूड पुस्तक घरी आणलं. दुपारी मोठ्यानं वाचायला बसलो. पहिलं पान संपायच्या आत पोरगी झोपली.

"भारी पुस्तक शे," बायको म्हणाली. "रोज वाचा. माले बी झोप येत नही."

दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो, तर वाचनालयातल्या अक्का हसल्या. "भाऊ, हे एकाही पोरानं उघडलेलं नाही, म्हणून तर असं राहिलंय."

त्यांनी दुसरं दिलं. कोपरे मुडपलेले, पाठ दोऱ्यानं शिवलेली, मधल्या पानावर तेलाचं बोट. असा माल आम्ही खोक्यात भरतच नाही. तरी नेलं.

पोरीनं चार पानं ऐकली आणि पुस्तक ओढून घेतलं. "पप्पा, तुम्ही फार हळू वाचता." मग जेवतानाही सोडलं नाही, आणि त्यावर वरण सांडलं.

ते पान अक्कांना दाखवून मी भरपाईचे पैसे पुढे केले. त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ. पुढच्याला निवडायला सोपं."