घमेलं एकच

चिखलाची इतकी इज्जत करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. तो माणूस म्हणजे अकोल्यात आमच्या घरामागे राहणारे ड्रॉइंग मास्तर. हायस्कुलातून निवृत्त झाले आणि सगळ्या आया आपली लेकरं चिखलातून ओढून काढत असताना यांनी पडवीत मोठ्या घमेल्यात चिखल कालवून बालवाडी काढली. "मोठे पोट्टे माह्याकडं येत तोवर बिघडलेले असत," ते म्हणत. "कागद देला का दोन डोंगर, मधात सूर्य. अकोल्यात डोंगर कोठी हाय, सांग बरं?" रंग ते घरीच करत. पळसाची फुलं, हळद आणि चुलीतला कोळसा हे तिघंही त्यांच्या धोतरावर कायमचे वस्तीला होते. काळी माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यात ते सरकी काढायच्या जिनाबाहेर पडलेला कापूस पिंजून मिसळत. लेकरांना "छान" म्हणायची सक्त बंदी होती. ते उकिडवे बसून, एखाद्या साहेबाला विचारावं तसं अदबीनं विचारत, "हे काय म्हणून रायलं?" म्हणजे, हे काय सांगतंय? महिनाभर तोंड न उघडलेल्या चार वर्षांच्या सुमननं एकदा पाच पायांचा बैल केला. मास्तरांनी विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदाच बोलली, "एक पाय थकला त मंग?" हे वाक्य मास्तरांनी दिवसभर गल्लीत दारोदार ऐकवलं.

सुमनचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. तिचा हात आणि आमच्या गल्लीतल्या लेकरांचे हात एकाच घमेल्यात, हे काही पालकांना सोसेना. ते आले. "मास्तर, आमच्या लेकराईले दुसरं घमेलं ठेवा, नाही त उद्यापासून धाडत नाही."

"माती कोन्या वस्तीतली हाय, ते पयले तिले इचारा," मास्तर म्हणाले. दुसरं घमेलं आलं नाही. "तसंही अक्षर एक शिकवत नाही," असं म्हणत निम्मी लेकरं गेली.

माझं रक्त तापलं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस; लगेच पत्रक काढलं. मातीकामानं बोटं वळतात, नजर ठरते, लाजरं लेकरू बोलतं, असे पंधरा फायदे, आणि खाली त्या पालकांचा जळजळीत धिक्कार. सायकलवरून घरोघर वाटलं. गल्लीत भांडण पेटलं, उरलेल्या आयाही बिचकल्या, आणि तंटा नको म्हणून सुमनच्या बापानंही तिला घरीच ठेवलं.

मास्तर रागावले नाहीत. "फायदे पंधराही खरे हायेत, बाबू," एवढंच म्हणाले. "पन तू मायबापाईले शिव्या देल्या, अन् घरी बसले लेकरं."

पुढे कधी सकाळी गेलो, तर ते बालवाडीच्या वेळेला रिकाम्या पडवीत मळलेल्या मातीपाशी बसलेले दिसत. फळीवर लेकरांनी केलेली जनावरं, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. कापूस मिसळूनही भेगा पडतच. त्या ते ओल्या बोटानं रोज बुजवत. एकदा माझ्या हातात त्यांनी मातीचा गोळा दिला. मी तो बराच वेळ वळत राहिलो आणि शेवटी गोळाच परत दिला.

"हे काय म्हणून रायलं?"

मी हाताला लागलेली माती पुसत बसलो. मास्तरांनी माझा गोळा पाच पायांच्या बैलाशेजारी ठेवला, खाली माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि उद्यासाठी माती भिजत घातली.